कोपऱ्यावरची तारीख

मित्रांनो, वय लपवायची सोय मला कधीच नव्हती. मी ज्या घरात राहिले तिथे प्रत्येक उशीचं वय तिच्या कोपऱ्यावर लिहिलेलं असायचं, न पुसणाऱ्या काळ्या शाईनं. माझं वय तीनदा लिहिलं गेलं. पहिल्यांदा खरं, पुढे दोनदा खोटं. त्या खोट्यापायी एका मुलीची छाती वाजायला लागली आणि मी उशाशी पडून सगळं बघत राहिले. मला वाईट वाटलं का, असं विचाराल तर नीट सांगता येणार नाही. पाच वर्षं डोक्याखाली दबून राहिलं की काही वाटण्याची सवयच जाते. मी बधिर झाले आहे. पण जे झालं ते क्रमानं सांगू शकते, तेवढं मला येतं.

माझा जन्म एका लांबट शेडमध्ये झाला. तिथे पांढऱ्या कृत्रिम धाग्याच्या घट्ट दाबलेल्या गाठी यायच्या. एक यंत्र त्या पिंजायचं, धागा फुलवायचं आणि पाइपातून वाऱ्यानं खोळीत भरायचं. खोळ म्हणजे उशीची कातडी, आणि तिच्यावर चढवतात तो अभ्रा म्हणजे उशीचे कपडे. एवढा फरक लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. पाइपापाशी एक बाई बसायची. ती प्रत्येक उशी काट्यावर ठेवायची, कमी भरली असेल तर मूठभर घालायची, जास्त झाली तर मूठभर काढायची, तोंड शिवायची आणि दोन गुद्दे घालून मागे भिरकावायची. मलाही दोन गुद्दे मिळाले. आमचं स्वागत तसंच होतं.

दुकानात मी फार दिवस राहिले नाही. एका सकाळी अक्का आली. अक्का एका मोठ्या इस्पितळाच्या लिनन रूमची इन्चार्ज होती. तिथे चादरी, अभ्रे, उशा आणि रोग्यांचे कपडे धुऊन येतात, मोजले जातात, आणि फाटकं-विटकं बाजूला काढलं जातं. तीस वर्षं अक्कानं तेच केलं. आता ती निवृत्त झाली होती आणि तिच्या खुर्चीवर तिची धाकटी बहीण बसत होती. पण निवृत्त झाली ती कागदावर. हात तिचे इन्चार्जचेच राहिले.

दुकानदारानं चार उशा पुढे ठेवल्या. अक्कानं एकेकीला मधोमध दुमडलं, तळहातांनी दाबून धरलं, "एक, दोन, तीन" मोजलं आणि सोडलं. दोघी आळस देत देत उठल्या. मी आणि माझ्या शेजारची ताडकन उठलो.

"ह्या दोन, आणि अशाच आणखी दोन काढा," अक्का म्हणाली. "बाकीच्या तुमच्या घरी न्या. तुम्हाला चालत असतील."

दुकानदार हसला, पण जरा वेळानं हसला.

घर तिसऱ्या मजल्यावर होतं. तीन खोल्या आणि लोखंडी कठड्याची एक गॅलरी. माणसं चार. अक्का, अक्का जिला 'धाकटे' म्हणून हाक मारायची ती बहीण, धाकटीचा नवरा, आणि त्यांची पाच वर्षांची मुलगी. तिला सगळे मुंगी म्हणायचे, कारण ती एका जागी बसलेली कुणी पाहिली नव्हती. मुंगीचे बाबा दारोदार फिरून विजेचे मीटर वाचायचे. दिवसभर कुत्री अंगावर घ्यायची आणि संध्याकाळी घरी येऊन गॅलरीतल्या पिंजऱ्यासमोर बसायचं, हा त्यांचा क्रम. पिंजऱ्यात दोन छोटे पक्षी होते, एक हिरवा, एक पिवळा. बाबांनी शीळ घातली की ते दोघं उत्तर द्यायचे. त्या वेळी बाबांशी कुणी बोलायचं नाही, असा घरातला अलिखित नियम होता.

पहिल्याच दिवशी अक्कानं आम्हा चौघींना जमिनीवर रांगेत झोपवलं आणि इस्पितळातून आणलेली शाईची लेखणी काढली. माझ्या खोळीच्या कोपऱ्यावर तिनं महिना लिहिला, मार्च, आणि खाली वर्ष. तिचा 'च' पोटाशी फुगलेला असायचा.

"दोन वर्षं," ती धाकटीला म्हणाली. "दोन वर्षं झाली की बाद. वरून कितीही बरी दिसो. आत काय साचलंय ते दिसत नाही, म्हणून तर तारीख."

"अक्का, आमच्याही कानामागे घाला एक तारीख," मुंगीचे बाबा म्हणाले.

"घातली असती. पण तुम्हाला दुमडून बघायची पंचाईत."

मुंगी इतकी हसली की तिला उचकी लागली. त्या घरातलं हसणं मी ऐकलेलं आहे, हे सांगायला हवं, कारण पुढचं ऐकून तुम्हाला वाटेल की तिथे कधी कुणी हसलंच नसेल.

मी अक्काच्या वाट्याला आले. अक्काचं डोकं जड होतं आणि झोप शिस्तीची. ती कूस बदलायची तीसुद्धा ठरवून बदलल्यासारखी. आठवड्याला अभ्रा बदलायचा. पंधरा दिवसांनी मला कठड्यावर उन्हात टाकायचं, तासानं उलटायचं. दर तीन महिन्यांनी धुवायचं आणि आतपर्यंत सुकल्याशिवाय घरात घ्यायचं नाही. ओलसर उशीवर कुणी डोकं टेकलं तर अक्का डोळे वटारायची. उन्हातून आत आले की मुंगी माझ्यात तोंड खुपसायची. शेजारच्या काकू एकदा म्हणाल्या, "तुमच्या उशा बघून मला माझ्या घराची लाज वाटते हो." माझं कौतुक झालं ते तेवढंच. मला ते पुरलं.

मग अक्का आजारी पडली. मी तेव्हा चौदा महिन्यांची होते. सात महिने ती माझ्यावर पडून होती. तिचा घाम, तिच्या औषधांचा वास, डोक्याचं तेल, कधी सांडलेलं पाणी, कधी काही न बोलता गाळलेले दोन थेंब, सगळं माझ्यात उतरलं. अभ्रा रोज बदलला जाई, पण मला उन्हात टाकायचं तर अक्काला उठवावं लागे, म्हणून मी तशीच राहू लागले. धाकटी इस्पितळातून आली की हात धुऊन सरळ अक्कापाशी बसायची. ह्या अक्कानंच तिला वाढवलेलं. आई लवकर गेल्यावर वेणी घालायला, शाळेत पाठवायला, पुढे नोकरीला चिकटवायला अक्काच होती.

एका दुपारी अक्कानं मान वळवून माझा कोपरा चाचपला.

"धाकटे, हिचे तीन महिने राहिलेत."

"हो."

"वाट बघू नकोस. मी गेले की आधी ही टाक. आजारी माणसाची उशी घरात ठेवायची नाही. तू इन्चार्ज आहेस, मी तुला सांगायला नको."

"हो अक्का."

"मुंगीला हिच्यावर झोपवू नकोस."

"नाही झोपवणार."

त्यानंतर आठ दिवसांनी अक्का गेली. डिसेंबर होता. मुंगी तेव्हा सात वर्षांची होती आणि ती खूप रडली. बाबा गॅलरीत जाऊन रडले, पक्ष्यांकडे तोंड करून. धाकटी रडली नाही. तिनं खाटेवरची चादर काढली, अभ्रा काढला, दोन्ही गरम पाण्यात भिजत घातले. मला उचललं, छातीशी धरलं, दारापर्यंत नेलं, आणि परत आणून खाटेवर ठेवलं. पाचव्या दिवशी ती कामावर गेली.

त्यानंतर ते घर चालू राहिलं, एवढंच म्हणता येईल. डबे भरले जात, कपडे वाळत, दिवे लागत. धाकटी सगळं करायची, काही विसरायची नाही, फक्त त्यात ती नसायची. बाबांनी काही विचारलं तर ती "हं" म्हणायची. मुंगीनं काही दाखवलं तर "छान" म्हणायची. मला ती जवळची वाटू लागली. दोघी सारख्याच दबलेल्या.

मार्च आला. आम्हा चौघींची दोन वर्षं पुरी झाली. एका रविवारी दुपारी धाकटी नव्या उशा घेऊन आली. तीन. जुन्या तिघींना तिनं एका पिशवीत कोंबलं आणि बाहेर ठेवलं. त्यातली एक माझ्या बरोबरीनं दुकानात ताडकन उठलेली. तिला निरोप द्यायचं मला सुचलं नाही. मग धाकटीनं मला मांडीवर घेतलं. एक नवी खोळ काढली आणि माझ्या जुन्या खोळीवरून चढवली. तोंड सुईदोऱ्यानं शिवलं, दोरा दातानं तोडला. शाईची लेखणी घेतली, बाकी तिघींच्या कोपऱ्यावर लिहिलं तसं माझ्या कोपऱ्यावरही लिहिलं. मार्च, आणि नवं वर्ष. तिच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. ती खोटं करते आहे असं तिला वाटत असेल, असं मला तेव्हाही वाटलं नाही. हात आपले चालत होते.

दारात मुंगी उभी होती.

"ही पण नवीन?"

"हं."

अक्काच्या खाटेवर आता मुंगी झोपायची. त्या दिवशी तिनं माझ्यावर डोकं ठेवलं, तर मधला खळगा होता तिथेच होता. अक्काच्या डोक्याचा. मुंगीचं डोकं त्यात बुडालं. ती बराच वेळ निपचित पडून राहिली. मुंगी आणि निपचित! पण तिनं चकार शब्द काढला नाही.

मित्रांनो, आता उशीच्या पोटात काय असतं ते मला सांगावं लागेल, आणि ते सांगायला मला आवडत नाही. तुमच्या अंगाची कातडी रोज बारीक बारीक झडते. घाम येतो, लाळ गळते. ते अभ्र्यातून खोळीत, खोळीतून आत जातं. ते खायला धुळीतले किडे येतात, इतके बारीक की डोळ्यांना दिसत नाहीत. ते चावत नाहीत, पण त्यांची घाण नाकात जाते आणि काही मुलांना ती सोसत नाही. धुणं, ऊन, वेळेवर निरोप, एवढ्यानं हे आटोक्यात राहतं. पण धाकटीनं मला धुणं सोडून दिलं होतं. उन्हात टाकणंही. अभ्रा मात्र दर आठवड्याला, इस्त्रीचा, पांढराशुभ्र. वरून बघणाऱ्याला माझ्यात खोट काढता आली नसती.

वर्षभरानं मुंगीला सकाळच्या शिंका सुरू झाल्या. डोळे उघडायच्या आधी शिंक. सात, आठ, दहा. बाबा मोजायचे आणि चिडवायचे, "आज दहा झाल्या, कालचा विक्रम मोडला." मग नाक गळू लागलं, डोळे चुरचुरू लागले. पावसाळी हवेत छातीतून शिट्टी वाजायला लागली तेव्हा बाबांचं चिडवणं बंद झालं. धावता धावता मुंगी थांबायची, गुडघ्यांवर हात ठेवून उभी राहायची. मुलं तिला खेळात घेईनाशी झाली, कारण ती मधेच बसते. मुंगी हे नाव तिला शोभेनासं झालं.

मग घरात गुन्हेगाराचा शोध सुरू झाला. आधी शेजारच्या काकूंच्या मांजरीवर आळ आला. तिला आत यायची बंदी झाली आणि काकूंनी धाकटीशी बोलणं कमी केलं. मग जाड पडदे गेले. मग मुंगीची कापसाची बाहुली. पायपुसणी गेली, उदबत्तीच्या वासाचा साबण गेला. डॉक्टर बदलले, औषधं बदलली, तोंडात मारायचा पंप आला. शेवटी एका डॉक्टरांनी विचारलं, घरात पक्षी आहेत का?

बाबांनी पिंजरा कापडानं झाकला आणि एका ओळखीच्याकडे पोचवून आले. मुंगी दोन दिवस कुणाशी बोलली नाही. बाबा संध्याकाळी गॅलरीत बसायचे, सवयीनं तोंडाचा चंबू करायचे, आणि मग उठून आत यायचे. धाकटीनं रिकाम्या जागेची फरशी पुसली. पुसून झाल्यावर ती खाटेपाशी आली आणि तिनं माझ्याकडे पाहिलं. त्या घरात माझ्याकडे असं टक लावून कुणी पाहिलं नव्हतं. मला वाटलं, आता ती मला उचलणार. तिनं अभ्र्याची सुरकुती सारखी केली आणि गेली.

शिंका काही थांबल्या नाहीत.

पुन्हा मार्च आला. पुन्हा तीन नव्या उशा आल्या, आणि माझ्यावर तिसरी खोळ चढली. तिसरी तारीख. मी चार वर्षांची होते आणि कोपऱ्यावर आजचा जन्म होता. अक्काच्या पद्धतीनं तिनं मला एकदा दुमडून बघितलं असतं तर पुरे झालं असतं. पण बाकी तिघींना दुमडून बघणारी ती माझ्यापुरता कानाडोळा करायची.

त्याच्या पुढच्या वर्षी, जूनमधल्या एका सकाळी मुंगीला श्वास लागला तो पंपानं आवरेना. तिचे ओठ निळसर झाले. बाबांनी तिला उचललं, टेकायला म्हणून मला काखेत मारलं, आणि दोघांनी तिला धाकटीच्याच इस्पितळात नेलं. मुंगीच्या तोंडावर वाफेचा मुखवटा बसला. तासाभरानं तिचे ओठ पुन्हा गुलाबी झाले. धाकटी खाटेचा दांडा धरून उभी होती. तिचा हात दांड्यावरून सोडवायला बाबांना दोनदा सांगावं लागलं.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण घाईच्या नव्हत्या. त्यांनी सगळं पहिल्यापासून विचारलं. मांजर, पडदे, पक्षी. मग त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं.

"ही घरची उशी ना? किती जुनी आहे?"

बाबांच्या चेहऱ्यावर त्या दिवशी पहिल्यांदा थोडं तेज आलं. त्यांनी अभ्रा मागे सारून माझा कोपरा पुढे केला. "हे बघा. सव्वा वर्ष. आमच्या घरात तारखेशिवाय उशी नसते, डॉक्टर. ही माझी बायको तुमच्या इथल्याच लिनन रूमची इन्चार्ज आहे. दोन वर्षं झाली की बाद."

"अरे वा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि धाकटीकडे वळल्या. "तुम्ही स्वतः बदलता?"

धाकटीनं मुंगीकडे पाहिलं. मुंगी मुखवट्याआडून आईकडेच बघत होती.

"हो," धाकटी म्हणाली.

"मग उशी नाही," असं म्हणून डॉक्टरीणबाईंनी कागदावर एक काट मारली आणि जास्त ताकदीचं औषध लिहिलं. मी पाच वर्षं आणि तीन महिन्यांची होते. मित्रांनो, मला तोंड असतं तर मी तेव्हा बोलले असते का? असं वाटतं. पण तोंड असलेली घरची तीन माणसं तिथे होती, त्यातल्या दोघींना खरं माहीत होतं, आणि त्यांनी ते सांगितलं नाही.

इस्पितळात घरची उशी चालत नाही. तो नियमही अक्काचाच. मला खिडकीतल्या स्टुलावर ठेवलं आणि मुंगी चार दिवस इस्पितळाच्या उशीवर झोपली. दुसऱ्या सकाळी पाच शिंका. तिसऱ्या सकाळी दोन. चौथ्या सकाळी एकही नाही. बाबांना वाटलं, नवं औषध लागू पडलं. धाकटी चौथ्या सकाळी स्टुलापाशी उभी राहिली आणि माझ्यावर तळहात ठेवून तिनं दाबलं. मी दबले ती दबलेलीच राहिले. तिनं हात काढून पदराला पुसला.

घरी परत आल्यावर मला पुन्हा खाटेवर ठेवलं, तेही तिनंच. आठवड्यात छातीची शिट्टी परत आली.

त्या रविवारी बाबा मीटरच्या जादा फेरीला गेले होते. दुपार होती. धाकटी जमिनीवर बसून अभ्र्यांच्या घड्या घालत होती. मुंगी आली, एका काखेत आईची उशी, दुसऱ्या काखेत मी. तिनं आम्हाला आईसमोर ठेवलं. आधी आईची उशी दुमडली, दाबली. "एक, दोन, तीन." सोडली. उशी उठून बसली. मग मला दुमडलं. हात पुरेना म्हणून गुडघा टेकवला.

"एक, दोन, तीन."

मी तशीच राहिले. उठायचा प्रयत्न केला का, असं विचाराल तर खरं सांगते, नाही केला.

"आई, ही उठत नाही."

"जाड कापडाची आहे ती."

"आई."

धाकटीच्या हातातला अभ्रा अर्ध्या घडीत थांबला.

"ही अक्काची आहे ना? मला माहितीये. तू शिवत होतीस तेव्हा मी दारात होते."

"मग बोलली का नाहीस?"

"तू विचारलंस कुठे?" मुंगीनं नाक ओढलं. बोलताना तिला मधे मधे थांबावं लागत होतं. "आणि तू रडली नाहीस ना, अक्का गेली तेव्हा. एकदापण नाही. मला वाटलं, तुझं रडू तू हिच्यात ठेवलंयस. हिला टाकलं तर तुझं काय होईल, काय माहीत. म्हणून मी म्हटलं, राहू दे. खोकला तर खोकला."

"डॉक्टरांसमोर पण म्हणूनच गप्प बसलीस?"

"तू 'हो' म्हणालीस. मग मी कशी नाही म्हणू?" ती थांबली, श्वास घेतला. "मला पण आवडते ही. पण आता श्वास येत नाही ना गं, आई."

खाली रस्त्यावर कुणीतरी स्कूटर चालू करत होतं, ती चालू होत नव्हती. मग धाकटी उठली, कात्री आणली, आणि मला मांडीवर घेऊन टाके उसवू लागली. तिसरी खोळ निघाली. दुसरी निघाली. खालची पहिली खोळ पिवळी पडली होती, मधोमध तपकिरी डाग, आणि वास असा आला की मुंगीनं फ्रॉकनं नाक झाकलं. कोपऱ्यावर मार्च होता, पोट फुगलेल्या 'च'चा.

"अक्कानं सांगितलं होतं," धाकटी म्हणाली. "आधी ही टाक म्हणाली. मुंगीला हिच्यावर झोपवू नकोस म्हणाली. मी हो म्हटलं होतं."

"मग?"

"मग हात धजावला नाही. दारापर्यंत नेली होती." तिनं कात्री खाली ठेवली. "अक्कानं बघितलं असतं तर मला घराबाहेर काढलं असतं."

"आधी उशीला काढलं असतं," मुंगी म्हणाली.

धाकटीला हसू आल्यासारखं झालं. आलं नाही, पण आल्यासारखं झालं. साडेतीन वर्षांत तेवढंही झालं नव्हतं.

तिनं तो कोपरा कात्रीनं कापला, भोक धाग्यानं ओबडधोबड शिवलं, आणि ती चिंधी उकळत्या पाण्यात टाकली. शाई गेली नाही. ती अक्कानं निवडलेली शाई होती. वाळल्यावर चिंधी लेखणीच्या डब्यात गेली.

संध्याकाळी बाबा आले तेव्हा मी दाराशी, पिशवीत होते. धाकटीनं त्यांना बूट काढायच्या आत सगळं सांगितलं. शेवटी म्हणाली, "तुमचे पक्षी उगाच गेले. माझ्यामुळे." बाबा एक बूट हातात धरून बसले होते.

"डॉक्टरांना सांगितलंस?"

"उद्या सांगते."

"सांग." त्यांनी काढलेला बूट पुन्हा पायात घातला.

"कुठे निघालात?"

"उशी आणायला. दुकान बंद व्हायच्या आत." दारात थांबून त्यांनी विचारलं, "तीनच मोजायचे ना?"

पक्ष्यांबद्दल ते तेव्हा काही बोलले नाहीत. पुढे बोलले असतील, पण तोवर मी घरात नव्हते.

दुसऱ्या दिवशी धाकटी मला घेऊन इस्पितळात आली. डॉक्टरीणबाईंना तिनं वऱ्हांड्यात गाठलं आणि पिशवी उघडून दाखवली. "मी खोटं बोलले. ही पाच वर्षं तीन महिन्यांची आहे. आजारी माणसाची आहे. बहिणीची." डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "सगळं एका उशीनं होतं असं मी म्हणणार नाही," त्या म्हणाल्या. "पण ही डोक्याखाली असताना माझं औषध काय करणार होतं? महिन्यानं मुलीला घेऊन या." एवढं सांगून त्या वॉर्डात गेल्या. धाकटीला बोलणी खायची होती बहुतेक. ती थोडा वेळ तिथेच उभी राहिली.

मग लिनन रूममध्ये तिनं माझ्यावर मोठ्या अक्षरात 'बाद' लिहिलं आणि मला बाद सामानाच्या गाठोड्यात टाकलं. तारीख घातली नाही. तिची गरज उरली नव्हती.

आज मला इथे आठवा दिवस आहे. सकाळी धाकटी आली, चादरी मोजायला बसली, आणि मदतनीस बाईंना म्हणाली, "चार दिवस झाले. एकही शिंक नाही. आज जिन्यावरून धावत उतरली." बाई म्हणाल्या, "बरं झालं हो ताई," आणि चहा आणायला गेल्या. धाकटी उठली आणि गाठोड्यावर बसली. मित्रांनो, बाद गाठोड्यावर बसलेलं कुणी दिसलं तर धाकटी त्याला फाडून खाते. तीच बसली, वाकली, माझ्यात तोंड खुपसलं आणि रडली. बाई चहा घेऊन आल्या, दारातूनच मागे फिरल्या, तरी ती रडत होती. मी पार बधिर झाले आहे असं मी सुरुवातीला म्हणाले ना. पण ओलं झालेलं मला कळलं.

मग तिनं साबण लावून कोपरापर्यंत हात धुतले, तोंड धुतलं, आणि चादरी पहिल्यापासून मोजायला घेतल्या.

दुपारी गाडी येऊन हे गाठोडं घेऊन जाईल. तुम्हाला सांगण्यासारखं माझ्याकडे थोडंच आहे. आज घरी गेल्यावर आपली उशी दुमडा, तीन मोजा आणि सोडा. उठली तर तिला उन्हात टाका, वेळच्या वेळी धुवा. उठली नाही, किंवा दोन वर्षांच्या पुढे गेली, तर तिला जाऊ द्या, मग ती कुणाचीही असो. आम्हाला राग येत नाही. तुमच्या आवडत्या माणसाची असेल तर कोपरा कापून ठेवा, तेवढा पुरतो. आणि घरात कुणी रडत नसेल, तर त्याचं रडू उशीत साचू देऊ नका. त्याला जाऊन विचारा. मुंगीला ते विचारायला साडेतीन वर्षं लागली, आणि त्या घरात तिच्याच छातीत दम सगळ्यांत कमी होता.